फ्रासिनेलच्या चर्चने दिशा बदलल्याबाबत

जबाब

नाव : साविना ओप्रिश. वय : ६३ वर्षे. शिक्षण : इतिहास विषयात पदवी. धंदा : नोकरी, अभिरक्षक, ग्रामजीवन संग्रहालय, कोस्तेनी. राहणार : गिरणी गल्ली, कोस्तेनी, जिल्हा मारामुरेश.

मी आज दिनांक ११ सप्टेंबर २००४ रोजी कोस्तेनी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर एकटी राहते. सन १९८५ पासून संग्रहालयात नोकरीस आहे. संग्रहालय उघड्या माळावर असून त्यात जुन्या गावांतून उचलून आणलेली घरे, पाणचक्क्या, गोठे आणि तीन लाकडी चर्चे उभी केलेली आहेत. चर्चांची देखभाल माझ्याकडे आहे. कुलपे, ओल, वाळवी आणि पाहुण्यांचे हात या चार गोष्टींवर मी लक्ष ठेवते. मी लाकडाला कोणालाही हात लावू देत नाही. हाताला घाम असतो. त्यावरून माझ्याविरुद्ध तक्रारी झालेल्या आहेत, त्या कार्यालयात असतील.

सदर प्रकरणातले चर्च फ्रासिनेल गावचे आहे. ते संपूर्ण ओकचे असून त्यात एकही खिळा नाही, सगळे सांधे खाचांचे आणि खुंट्यांचे आहेत. सन १९७४ मध्ये ते गावातून सुटे करून, तुळयांवर खुणा करून, येथे आणून जोडले. जोडणारा सुतार त्याच गावचा आर्तेनी बोरोडी हा होता. त्या वेळी मी नोकरीस नव्हते, परंतु मूळ कागद मी वाचलेले आहेत. चर्चची वेदी पूर्वेकडे हवी हे आमच्याकडे अंगणात काटक्यांचे चर्च मांडणाऱ्या पोरालाही कळते. तरीसुद्धा त्या वेळच्या व्यवस्थापकांनी दार पाहुण्यांच्या वाटेकडे हवे असा हुकूम दिला. वाट दक्षिणेकडून येते, त्यामुळे दार दक्षिणेला आणि वेदी उत्तरेला गेली. ते व्यवस्थापक आज हयात नाहीत.

आर्तेनी बोरोडी याने हुकूम पाळला. त्या कम्युनिस्ट राजवटीत दुसरे काही करता येत नव्हते. परंतु त्यानंतर तो कोणत्याही चर्चच्या आत गेला नाही. फ्रासिनेलच्या नव्या चर्चबाहेर दर रविवारी टोपी हातात धरून उभा राहायचा, बर्फातसुद्धा. हे मी स्वतः पाहिले आहे. पाद्री इलारियोन यांनी त्याला आत बोलावले तेव्हा तो म्हणाला होता, "देवाचं घर ज्यानं आडवं फिरवलं, त्यानं कुठल्या तोंडानं आत यायचं?" तो गेल्या हिवाळ्यात वारला. त्याची विधवा पलागुत्सा बोरोडी, वय ७४, ही सध्या आपल्या कोठडीत आहे. तिचे मागणे एकच होते. नवऱ्यासाठीची प्रार्थना त्याने जोडलेल्या चर्चमध्ये व्हावी, आणि वेदी पूर्वेकडे असताना व्हावी.

हे मागणे तिने आमचे संचालक श्री. दुमित्राश यांच्याकडे अनेकदा केले. ती बाजाराच्या दिवशी यायची. मी हजर असताना झालेले बोलणे आठवते तसे सांगते. संचालक म्हणाले, "आजी, क्रेन लागेल. राजधानीतून परवानगी लागेल. सगळं चर्च उसवावं लागेल. आणि देव काय एकाच दिशेला असतो का?"

पलागुत्सा म्हणाली, "नसतो ना? मग तू तुझी खुर्ची भिंतीकडे तोंड करून मांड. काम काय, सगळ्या दिशांना होतं."

संचालक हसले. मी हसले नाही.

दिनांक ८ सप्टेंबर रोजी मेरीमातेच्या जन्माचा सण होता. त्या दिवशी संग्रहालयात जत्रा भरते आणि तिन्ही चर्चांत प्रार्थना होते. यंदा जत्रेत जुन्या ग्रामीण कामांची प्रात्यक्षिके होतील असे संचालकांनी भिंतीभिंतीवर लावले होते. स्वतः ते जिल्ह्याच्या गावी बैठकीस गेले होते. संग्रहालय माझ्या ताब्यात होते.

फ्रासिनेलची माणसे सकाळी गाड्यांतून आणि एका मालट्रकमधून आली. सोबत तागाचे जाड दोर, बीचच्या लाकडाच्या पाचरी, फळ्या, डुकराच्या चरबीचे डबे आणि बैल होते. मी फाटकावर विचारले. स्पेनमध्ये गवंडीकाम करून परतलेला ग्रिगा नावाचा इसम म्हणाला, "प्रात्यक्षिक आहे बाई. भिंतीवर लावलंय की तुमच्याच साहेबांनी." मी त्यांना आत सोडले. बैलांबद्दल श्री. दुमित्राश यांनी तक्रारीत जे लिहिले आहे ते चुकीचे आहे. बैल दिवसभर चरत होते. ते तालावर ओढत नाहीत, म्हणून त्यांना जुंपलेच नाही.

सकाळची प्रार्थना झाल्यावर पाद्री इलारियोन यांनी वेदीवरचे पवित्र वस्त्र घडी करून छातीशी धरले, बाहेर आले आणि नासपतीच्या झाडाखाली जाऊन बसले. मी त्यांना विचारले, "हे काय?" ते म्हणाले, "वस्त्र निघालं की ते नुसतं घर. आणि घर लोकांनी फिरवायचं की नाही हा माझा विषय नाही. मी इथे काही बघत नाहीये." त्यांचे डोळे उघडे होते.

नंतर पुरुषांनी चर्चच्या पूर्वेचे आणि पश्चिमेचे गवत मातीसकट चौकोनी कापून बाजूला काढण्यास सुरुवात केली. येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. पाऊस कमी झाला की त्या जागेचे गवत दर ऑगस्टमध्ये पिवळे पडते. पिवळा पट्टा सरळ जातो, कोपरा घेतो, आणि पूर्वेच्या टोकाला वेदीच्या खोलीसारखा निमुळता होतो. मी तो पट्टा वर्षानुवर्षे पाहत होते. तिथे जास्त पाणी घालावे अशी शिफारसही मी केली होती.

मी पलागुत्साकडे गेले आणि विचारले, "गवत कापायला कुणी सांगितलं?"

"कापतोय कुठे बाई? गोधडी बाजूला करतोय. खाली कोण निजलंय ते बघा तरी."

खाली दगड होते. नदीतले, घासून सपाट केलेले, एकाला एक भिडवलेले. उभ्या चर्चचा होता तसाच दुसरा पाया जमिनीत तयार होता, पूर्वेकडे तोंड केलेला. उभ्या चर्चच्या पोटाखाली (हे चर्च उठल्यावर दिसले), जिथे दोन्ही पाये एकमेकांना छेदतात, तिथे एक मोठा दगड असून त्याला मधोमध वाटीसारखा खळगा होता. मी इतिहास शिकलेली आहे. जुने पाये मी पुष्कळ पाहिले आहेत. जे बांधकाम अजून व्हायचे आहे त्याचा पाया मी प्रथमच पाहत होते. 

मग मी विचारले, "हे आर्तेनीनं केलं?"

"एकट्यानं? त्याची कंबर बघितली होती का तुम्ही?" ती म्हणाली. "अख्खं गाव होतं. साहेब जेवायला गेले की दगड, साहेब परत आले की गवत."

"आणि तीस वर्षं कुणी बोललं नाही?"

"फ्रासिनेलच्या माणसाला कुणी काही विचारतं का?"

मी म्हटले, "मग फिरवलं का नाही इतकी वर्षं?"

ती म्हणाली, "त्या राजवटीत चर्च फिरलं असतं, पण फिरवणारे घरी फिरकले नसते. नंतर आमचा म्हातारा म्हणायला लागला, साहेबाच्या तोंडून हो आलं पाहिजे. त्या होची वाट बघत गेला. मी नाही बघणार. माझे गुडघे बघा."

सदर कट केव्हा रचला गेला, असे मला विचारण्यात आले आहे. सन १९७४ मध्ये. रचणाऱ्यांपैकी बहुतेक जण दफनभूमीत आहेत.

मी पलागुत्साला मोठ्या आवाजात बजावले की, चर्चला कोणीही हात लावायचा नाही. ती माझ्यावर रागावली नाही. म्हणाली, "बाई, तुम्ही शहरातल्या. आमच्या आज्यापणज्यांनी चर्चं विकत घेतली, विकली, बर्फावरून ओढत डोंगरापलीकडे नेली. ते काय झाड आहे का, एका जागी उभं राहायला? पण नियम आहे. चर्च दगडावरून उठलं की रिकाम्या हातानं बघत राहायचं नाही. लहान पोर असलं तरी त्याचा तळवा टेकवायचा. नाही तर पाठ फिरवून उभं राहायचं. तुम्ही ठरवा."

मी पाठ फिरवली नाही. एवढे नोंदवून घ्यावे.

माझ्या खोलीत दूरध्वनी आहे. तो त्या दिवशी चालू होता. मी संचालकांना अगर पोलीस ठाण्यास फोन केला नाही. वेळ मिळाला नाही असे मी सांगणार नाही. वेळ होता.

दुसरा नियम घंटेचा आहे. दगडावरून उठलेल्या चर्चची घंटा वाजली तर ते चर्च पुन्हा कुठेच नीट टेकत नाही, अशी समजूत आहे. म्हणून घंटेची जीभ, म्हणजे आतला लोलक, बांधावी लागते. मनोऱ्याची शिडी अरुंद असून तिच्या दाराची किल्ली माझ्या कमरेला असते. त्या दिवशीही ती माझ्याच कमरेला होती. घंटेची जीभ बांधली गेली.

त्यानंतर घडले ते असे. आतल्या मूर्तिचित्रांच्या पाट्या, दिवे आणि बाके बाहेर आणून चादरींवर ठेवली. चारही कोपऱ्यांत, तळाच्या तुळयांखाली पाचरी लावल्या. प्रत्येक पाचरीजवळ एक माणूस हातोडा घेऊन बसला. मनोऱ्याला चार बाजूंनी दोर बांधून ते चार गटांच्या हाती दिले. पलागुत्साने प्रार्थनेची वेळ सांगणारी लांब लाकडी फळी खांद्यावर घेतली आणि आर्तेनीची मोगरी हातात घेतली. ती फळीवर ठोका द्यायची, आणि त्याच ठोक्याला सगळे हातोडे एकदम पडायचे. तिने इशारा दिला हे खरे आहे. चिथावणी म्हणावी असे शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत. तिचे शब्द होते, "हळू रे, ग्रिगा! सासू उचलत नाहीयेस!"

ग्रिगाने त्याआधी दक्षिणेच्या खिडकीच्या चौकटीत आलुबुखाराच्या दारूचा काठोकाठ भरलेला पेला ठेवला होता. थेंब सांडला तर दाढी काढीन, असे तो म्हणाला. खिडकीत काहीही ठेवण्यास मनाई आहे, हे मी त्याला सांगितले.

पहिल्या ठोक्यांना काही झाले नाही. मग ओकने आवाज केला. असा आवाज मी नोकरीत कधी ऐकलेला नाही. त्याचे वर्णन मला करता येत नाही, म्हणून करत नाही. सगळे जण थांबले. पलागुत्साही थांबली. मग तिने पुन्हा ठोका दिला.

मी वाकून पाहिले. तळाच्या तुळया आणि दगड यांच्यामध्ये उजेड होता. त्या तळाची ओल मी एकोणीस वर्षे गुडघ्यांवर बसून तपासत आले आहे. त्या फटीतून मला चर्चच्या पलीकडे उभ्या असलेल्या बायकांची पावले दिसली. काही जणींच्या पायांत चामड्याच्या जुन्या पद्धतीच्या वहाणा होत्या, काहींच्या पायांत रबरी बूट. एक लहान मूल पोटावर आडवे पडून पलीकडून माझ्याकडे पाहत होते. आमच्या दोघांच्या मध्ये फक्त हवा होती आणि वर संपूर्ण चर्च होते.

मधल्या दगडाच्या खळग्यात, चर्च ज्यावर फिरायचे तो ओकचा ठोकळा बसवला. चरबी फासलेल्या फळ्या तुळयांखाली सरकवल्या. मग समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना दोर लावले आणि ज्यांना दोर मिळाला नाही त्यांनी तळाच्या तुळयांना खांदे लावले. फळीचा ठोका पडला की ओढायचे, दोन ठोक्यांच्या मध्ये श्वास घ्यायचा.

चर्च फिरले.

ते इतके सावकाश फिरत होते की पाहून कळत नव्हते, नजर काढून पुन्हा पाहिले की कळायचे. मनोऱ्याची सावली गवतावरून सरकत कुंपण ओलांडून माझ्या खोलीच्या पायरीवर आली. इतक्या वर्षांत ती पायरीवर कधी आली नव्हती.  जत्रेतली कोस्तेनीची माणसेही येऊन उभी राहिली, आणि नियम त्यांना कोणी सांगितला नसताना एकेक जण पुढे होऊन तळवा टेकवू लागला. जिलेबीसारखा तळलेला पदार्थ विकणारी बाई हाताचे तेल पुसून आली. मी त्यांपैकी कोणालाही हटकले नाही. त्या दिवशी माझ्या देखरेखीखालील लाकडाला जितके हात लागले तितके त्याआधीच्या सर्व वर्षांत मिळून लागले नसतील.

दुपार कलल्यावर चर्च नव्या दगडांवर उतरले. दगड आणि तुळई यांच्यात माझे नख गेले नाही. ग्रिगाचा पेला काठोकाठ भरलेलाच होता. नंतर त्याने तो रिकामा केला, त्यामुळे मुद्देमाल म्हणून उपलब्ध नाही.

पाद्री इलारियोन नासपतीखालून उठले आणि वस्त्र घेऊन आत गेले. आर्तेनी बोरोडीसाठी प्रार्थना झाली. शिजवलेल्या गव्हाचा गोड प्रसाद वाटला. पलागुत्सा दाराला लागून असलेल्या बायकांच्या खोलीत उभी होती; पुरुषांची खोली तिच्यापुढे, वेदीकडे असते. ती रडली नाही. बाहेर आल्यावर भिंतीवर थाप मारून तिने एवढेच म्हटले, "ये आता आत. बर्फात उभा राहू नकोस."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तपासणीस गेले. नुकसान झाले आहे का ते पाहणे माझे कर्तव्य होते. मी बायकांच्या खोलीत उभी असताना टेकडीवर सूर्य आला. ऊन वेदीच्या छोट्या खिडकीतून आत आले, मधल्या उघड्या दारातून पुढे आले, पुरुषांची खोली ओलांडली, आणि माझ्या मागच्या भिंतीवर पडले. त्या भिंतीवर हातात दिवे घेतलेल्या बायकांची रांग चितारलेली आहे. ती मी नोकरीत असल्यापासून बॅटरीच्या उजेडात दाखवत आले आहे. संग्रहालयाच्या पुस्तिकेत तिचे वर्णन "रंग काळवंडलेले, तपशील अस्पष्ट" असे आहे. ते वर्णन मीच लिहिलेले आहे आणि ते चुकीचे आहे. दिव्यांच्या ज्योती सोनेरी आहेत. ऊन त्या रांगेवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेले आणि ज्योती एकामागून एक लागत गेल्या. चितारणाऱ्याने भिंत पाहून चित्र काढले नव्हते, ऊन पाहून काढले होते. माझी सावली मध्ये येत होती, म्हणून मी बाजूला सरकले. ऊन जाईपर्यंत मी तिथे होते. त्या वेळेत मी नुकसान तपासले नाही.

नंतर तपासले. एक लाकडी कौल निसटले आहे, ते माझ्या टेबलावर आहे. भिंतीस, सांध्यांस, चित्रांस कोणतेही नुकसान नाही. सांधे पूर्वीपेक्षा घट्ट बसलेले आहेत. पाहुण्यांना वाटेवरून आता चर्चची बाजू दिसते, दार दिसत नाही, ही संचालकांची तक्रार खरी आहे. दारापर्यंत जाण्यासाठी वळसा घालावा लागतो. तो लहान आहे.

संचालकांनी हिवाळ्यापूर्वी क्रेन आणून चर्च पूर्ववत करण्याचे ठरवले असल्याचे समजले. क्रेनला अडकवण्यासाठी त्या चर्चमध्ये लोखंडाचा एक तुकडाही नाही. ते न उसवता पूर्ववत करायचे असेल तर फ्रासिनेलच्या लोकांना बोलवावे लागेल. ते येणार नाहीत.

फौजदार श्री. चेर्ने यांनी मला विचारले की, चर्चला प्रत्यक्ष हात लावणाऱ्यांची नावे मी सांगू शकते का. मी सांगू शकते. माझी स्मरणशक्ती चांगली आहे. बंदोबस्तास असलेल्या पोलीस शिपाई तिवादार यांच्यापासून मी सुरुवात केली. त्यांनी वर्दीचा कोट काढून कुंपणावर टांगला आणि वायव्येच्या कोपऱ्याला खांदा लावला. त्यांची आई फ्रासिनेलची आहे. हा जबाब तेच टंकलिखित करत आहेत. फौजदार म्हणाले, "बाई, ते राहू द्या. पुढचं नाव सांगा."

मी म्हटले, "राहू द्यायचं तर सगळ्यांचं राहू द्या. हा खांदा गाळून तुम्ही त्या म्हातारीचा ठोका तेवढा ठेवणार असाल, तर मी सगळी नावं सांगते. तुमच्या सौभाग्यवतींनी तळवा टेकवला होता. निळा स्कार्फ, कडेवर मूल. मुलाचाही टेकवला."

 फौजदारांनी पाणी मागवले.

पलागुत्सा बोरोडी हिच्यावर सूत्रधार म्हणून आरोप ठेवला आहे. ती सूत्रधार नाही. सूत्रधार मयत आहेत. ती फक्त ताल धरत होती. कोठडीत थंडी आहे आणि तिच्या गुडघ्यांची अवस्था वाईट आहे. तिला आजच घरी सोडावे. जबाब घेताना मला दिली तशी तिलाही खुर्ची द्यावी.

वरील मजकूर शिपाई तिवादार यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी जसे सांगितले तसेच लिहिले आहे व ते सत्य आहे. सही करण्यापूर्वी एक गोष्ट राहिली. जप्त वस्तूंत घंटेच्या जिभेला गुंडाळलेली राखाडी लोकरीची शाल असून तिच्यापुढे "मालक अज्ञात" असे लिहिले आहे. ती खोडावी. शाल माझी आहे, गाठही मीच मारली. ती परत मिळावी. मला आता रोज सूर्योदयापूर्वी चर्चमध्ये जावे लागते, आणि त्या वेळी थंडी असते.

सही : साविना ओप्रिश